सवयीची मालकी

मनुष्याच्या ज्ञानाचा काही भाग त्याच्या बुद्धीत राहतो व काही त्याच्या हातात. पहिल्याविषयी तत्त्ववेत्त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. दुसऱ्याचा विचार तो हिरावला गेल्यावाचून सहसा सुचत नाही. पोहणाऱ्यास आपण कसे पोहतो हे सांगता येत नाही, सुगरणीला मिठाचे प्रमाण विचारले तर ती चिमूट दाखविते, आणि वीस वर्षे संगणकावर काम केलेल्या गृहस्थास अमुक कागद कोठे ठेवला आहे असे विचारले, तर तो तोंडाने उत्तर न देता हात पुढे करतो. या हातातल्या ज्ञानाला आपण नुसती 'सवय' म्हणून थोडे हिणवतो. परंतु ते कोणाच्या मालकीचे? ज्याने कष्टाने कमावले त्याचे, की ज्याच्या यंत्रावर ते कमावले गेले त्याचे?

हा प्रश्न निव्वळ वादाकरिता काढलेला नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ च्या जुलैत काढलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा नित्याचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्या दिवशी यंत्रे काही बंद पडली नाहीत; सुरक्षिततेच्या दुरुस्त्या तेवढ्या थांबल्या, आणि घरगुती गिऱ्हाइकांना त्या आणखी एक वर्ष मिळाव्यात अशी तजवीजही कंपनीने ठेवली. पण पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली जुन्या यंत्राला रीतसर आत घेत नाही. तिला विशिष्ट प्रकारची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसरही साधारणतः २०१७-१८ च्या पुढचा हवा. यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, एकही कळ न बिघडलेला संगणक केवळ एका तारखेने म्हातारा ठरला.

पालघर जिल्ह्यातील सरावलीसारख्या ठिकाणी याचा अर्थ चटकन कळतो. बोईसरला लागून, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी हे गाव आहे. कारखान्यात पाळी करणारे, लहान उद्योगांचे हिशेब लिहून देणारे, घरी शिकवण्या घेणारे अशांची बिऱ्हाडे या टापूत दाट आहेत. अशा घरातला संगणक ही दिवाणखान्यातील शोभेची वस्तू नव्हे. तो हप्त्यांवर येतो, थोरल्याचे शिक्षण झाले की धाकट्याकडे जातो, आणि अखेरीस निवृत्त वडिलांच्या वाट्याला येतो. त्या वडिलांपुढे आता दोन वाटा राहतात: चांगले यंत्र भंगारात घालावे, किंवा यंत्र ठेवून प्रणाली बदलावी. दुसरी वाट बहुधा लिनक्सकडे जाते. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नामक विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहावयास घेतला आणि १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी चालविलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या उद्योगाची जिला जोड मिळाली, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते. शिवाय तिची घडण कोणीही पाहावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी अशी मुभा असते.

विंडोजवर आयुष्य काढलेला मनुष्य लिनक्समध्ये आला की पहिल्या दिवशी त्याला काहीच अवघड वाटत नाही, आणि हेच फसवे असते. पडदा ओळखीचा, चित्रे ओळखीची, खिडक्याही पूर्वीसारख्याच उघडतात व मिटतात. दुसऱ्या दिवशी तो 'सी ड्राइव्ह' शोधू लागतो. तो नसतोच, सारे कागद 'होम' नावाच्या एका घरात असतात. नवा प्रोग्राम हवा तर इंटरनेटवर हिंडून उचलून आणायचा नाही. प्रणालीच्याच कोठारातून मागायचा, आणि मागताना पासवर्ड द्यायचा. फाइलच्या इंग्रजी नावातील मोठे अक्षर व लहान अक्षर येथे निराळे मानले जाते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदू लागतात. (अक्षरांतला हा लहानथोरपणा आपल्या देवनागरीने कधी मानलाच नाही; त्याचा जाच मात्र आपल्याला होतो.)

यातील एकही गोष्ट कठीण नाही. तरीसुद्धा चार दिवसांत मनुष्य चिडतो, आणि घरातल्यांना त्या चिडण्याचे कारण समजत नाही. जेथे पूर्वी लक्ष द्यावे लागत नव्हते तेथे ते द्यावे लागते, हे खरे दुखणे होय. पत्र लिहिताना मजकुराचा विचार करावा, तर तो कळीचा करावा लागतो. त्यात लाजेची भर पडते. कचेरीत ज्याला चार माणसे येऊन विचारीत, त्याला आता शेजारच्या खोलीतून हाक मारावी लागते, आणि "बाबा, अहो सोपं आहे ते!" हे उत्तर ऐकून घ्यावे लागते. सोपे आहे म्हणून सांगितल्याने अडलेल्याची अडचण कमी होत नाही. उलट तो अडला ही गोष्ट अधिक उघडी पडते.

हातातले ज्ञान असे एकाएकी निकामी होण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असलेली पिढी अडीच आणे शेराच्या भावाने सव्वातीन शेरांचे दाम बोलता बोलता सांगत असे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेर जाऊन किलो आला, आणि ते पाठांतर हळूहळू कवितेसारखे झाले: म्हणता येते, कामी येत नाही. त्या पिढीचे नुकसान झाले यात संशय नाही. पण तो बदल लोकनियुक्त संसदेने दोन वर्षे आधी कायदा करून केला होता. जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालू राहिली. आणि घोटाळा होऊ नये म्हणून 'नवे पैसे' हे नाव १९६४ पर्यंत ठेवण्यात आले. ज्यांची सवय मोडायची त्यांच्या अडचणीचा विचार बदलाच्या योजनेतच होता. संगणकाच्या बाबतीत तसा हिशेब क्वचितच होतो. २०१२ साली विंडोज ८ मधून 'स्टार्ट'चे बटण काढण्यात आले व ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते काही अंशी परत आले. मधल्या काळात कोट्यवधी हात पडद्याच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे जात राहिले.

यावर लिनक्सचे कैवारी म्हणतील, सवय ही गुलामगिरीच आहे, ती मोडली तर बिघडले काय? हे मत मला मान्य नाही. सवय ही शिल्लक टाकलेली श्रमाची ठेव आहे. तिच्या व्याजावर मनुष्य अधिक महत्त्वाची कामे करतो. दुसऱ्याने ती उधळावी असा उपदेश बहुधा ज्यांना फावला वेळ असतो तेच करतात. महिनाअखेर चार कारखान्यांचे पगारपत्रक करणाऱ्यास स्वातंत्र्याची महती सांगण्यापूर्वी त्याचे पगारपत्रक वेळेवर निघेल की नाही ते पाहावे.

परंतु म्हणून जुन्यालाच चिकटून राहावे असेही ठरत नाही. कारण सगळ्या सवयी सारख्या नसतात, आणि हा फरक प्रणाली बदलतानाच दिसून येतो. देवनागरी टंकलेखनाचेच उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने भारतीय भाषांसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही कळफलकाची रचना ठरवून दिली. ती ज्याने शिकून घेतली आहे त्याची बोटे विंडोजवर जेथे पडत होती तेथेच लिनक्सवरही पडतात. त्याचे काहीच जात नाही. उलट खासगी फाँटांवर ज्यांनी आयुष्यभर मराठी लिहिली, त्यांच्या जुन्या फाइली तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. परिश्रम दोघांचे सारखेच. एकाची सवय सार्वजनिक रस्त्यावर घडली व दुसऱ्याची कोणाच्या तरी अंगणात, एवढाच भेद. भाड्याच्या घरात अंधारातही न ठेचकाळता चालता येऊ लागले म्हणून भिंत हलविण्याचा मालकाचा अधिकार संपत नाही.

आता मुक्त प्रणालीतही भिंती हलतातच, हे तिचे अभिमानी विसरतात. लिनक्सवर पुष्कळांनी वापरलेल्या 'ग्नोम' या पडद्याची मांडणी २०११ साली तिच्या कर्त्यांनी मुळापासून बदलली, आणि तेथेही तीच ओरड झाली. पुढे जे घडले ते मात्र विंडोजमध्ये घडू शकले नसते. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुनी मांडणी उचलून स्वतंत्रपणे चालू ठेवली. दक्षिण अमेरिकेतील 'माते' या पेयाचे नाव तिला दिले. ती आजही चालू आहे, आणि ज्याला कधी एक ओळही प्रोग्राम लिहिता येणार नाही असा मनुष्यही ती सुखाने वापरतो. सामान्य माणसाला घडण वाचताच येत नसेल तर ती पाहण्याच्या मुभेचा त्याला उपयोग काय, या नेहमीच्या आक्षेपाला मला हे पुरेसे उत्तर वाटते. गावच्या विहिरीवर स्वतः पोहरा न सोडणाऱ्या म्हातारीचाही हक्क असतो, आणि तिच्यासाठी पाणी काढणारा कोणीतरी निघतो. मात्र विहीर गावची असावी लागते.

तेव्हा नव्या प्रणालीत रुळण्याचे कष्ट टळत नाहीत. ते एकदा सोसले म्हणजे पुन्हा सोसावे लागणार नाहीत अशी हमीही नाही. ते कशासाठी सोसले याला मात्र किंमत आहे. आणि ते कोणी सोसावेत याचा निवाडा घरोघर फार सैलपणे होतो. मुंबईला नोकरी करणारा मुलगा रविवारी बोईसरला उतरतो, दुपारपर्यंत वडिलांच्या संगणकावर लिनक्स घालतो, "आता पैसे नाहीत, व्हायरसची फारशी भीती नाही" असे सांगतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. निर्णय त्याचा, सोमवार वडिलांचा. त्याची युक्ती बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या सवयीवर हात टाकणाऱ्याने निदान चार रविवार शेजारी खुर्ची टाकून बसणे हे त्या युक्तीचेच अंग आहे, आणि त्याने आधी विचारावयास हवे होते हे तर आहेच. विचारले असते तर कदाचित कळते, की वडिलांचे पंधरा वर्षांचे टिपण जुन्या फाँटात आहे आणि ते युनिकोडमध्ये आणणे हे पहिले काम आहे.

राहता राहिला हिशेब लिहिणारा. त्याची टॅली विंडोजवरच चालते, त्याच्या गिऱ्हाइकांच्या वह्या तीत आहेत, आणि मार्चअखेर कोणाच्या तत्त्वासाठी थांबत नाही. त्याने नवे यंत्र घ्यावे, किंवा यंत्राचे दोन भाग करून एका भागात विंडोज ठेवावी. मुलांचा अभ्यास व घरची पत्रे दुसऱ्या भागात जाऊ द्यावीत. त्याला कोणी भित्रा म्हणू नये.