कार्तिकस्नान, दमा आणि एकादशीचा पंप

शंका : मला अनेक वर्षांपासून दमा आहे. सासूबाईंच्या मागे कार्तिकस्नानाचा नेम मी चालवते. कोजागरी सरून गारठा सुरू झाला की पहाटेच्या गार पाण्याने धाप लागते. ऊन पाणी घेतले तर नेम मोडतो का? एकादशीला पंप घेतला तर उपवास राहतो का? गुरुजी म्हणतात, नेम खंडला तर शांत करावी लागेल. — एक भगिनी, जुन्नर

समाधान : ऊन पाण्याने नेम मोडत नाही आणि पंपाने उपवासही मोडत नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९०च्या सुमाराचा ‘धर्मसिंधु’ पुरोहितांनाही मान्य आहे, म्हणून तोच आधार घेतो. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी त्यात सांगितल्या आहेत : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. पंप हे औषध आणि तो घेतल्यावर चूळ भरायची ती पाण्याने, म्हणजे दोन्ही यादीत बसले. (ब्राह्मणाची इच्छाही यादीत आहे, आपल्या गुरुजींना बहुधा तेवढीच आठवली.) आजाऱ्याने ऊन पाण्याने किंवा गळ्याखालून स्नान करावे, तेही झेपत नसेल तर ओल्या वस्त्राने अंग पुसावे, ही शास्त्राचीच व्यवस्था आहे. अगदीच अशक्त असाल तर पतीने किंवा मुलाने प्रतिनिधी म्हणून व्रत चालवावे. ज्या शास्त्राने एवढा विचार केला, त्याला तुमची धाप हवी होती असे कसे म्हणता येईल?

यावर घरातले म्हणतील, सासूबाई जन्मभर गार पाणी घेत होत्या, त्यांना कुठे काय झाले? त्यांना दमा नव्हता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि धाप नसतानाही ती बहुधा पुरती जात नाही. गार, कोरडी हवा आत गेली की या नलिका आवळतात. म्हणून रोजचा प्रतिबंधक पंप बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो. त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. नेमासाठी महिनाभर तो बंद ठेवणे म्हणजे ऐन गारठ्यात सूज वाढू देणे. ‘पंपाची सवय लागते’ ही भीतीही निराधार आहे. त्यातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळीपेक्षा मात्रा पुष्कळ कमी लागते. कोजागरीच्या चांदण्यातली औषधी खीर खाऊन पंप टाकून देणारेही आहेत. खीर आनंदाने खावी, पंप मात्र चालू ठेवावा.

आता शांतीविषयी. दुखणे हे पूर्वकर्माचे फळ, ते फेडल्याशिवाय सुटका नाही, असा युक्तिवाद तुमच्यापुढे येईल. क्षणभर तो मान्य करू. मग कर्म तुमचे असताना दक्षिणा घेऊन दुसऱ्याने मंत्र म्हटल्याने ते फिटते, आणि तुम्ही स्वतः औषध घेतल्याने मात्र पाप लागते, हे गणित कोणते? असे सांगणारे स्वतःच्या रक्तदाबाची गोळी एकादशीलाही चुकवत नाहीत, आणि ते योग्यच करतात. माझी तक्रार गोळीबद्दल नाही. स्वतःला लावलेला नियम यजमानाला लावत नाहीत, याबद्दल आहे. बरा न होणारा आजार असलेले घर अशा लोकांना फार सोयीचे पडते. संधिवात, दमा दर थंडीत डोके वर काढणारच, आणि दर वेळी नवा दोष सापडणारच. त्यात सून आजारी असेल तर दोष तिच्या नेमातच निघतो; त्याच घरातल्या खोकणाऱ्या मुलाला कोणी प्रायश्चित्त सांगत नाही.

तेव्हा ऊन झाल्यावर, ऊन पाण्याने स्नान करा. काकडआरतीला जायचेच असेल तर नाकातोंडावरून शाल घ्या, धुपापासून लांब बसा आणि धाप थांबवणारा पंप जवळ ठेवा. एकादशीला दोन्ही वेळचा पंप चुकवू नका. शांत कोणत्या ग्रंथात सांगितली आहे, हे गुरुजींकडून लिहून मागा.