चिठ्ठीने ठरलेले औषध

दिल्लीत आल्यापासून सदनिकांच्या सोडतीची आम्हांस इतकी सवय झाली आहे की, चिठ्ठीने माणसाचे भाग्य ठरावे यात आताशा काही विपरीत वाटत नाही. परंतु माणसाचे औषधही चिठ्ठीने ठरते, हे प्रथम वाचले तेव्हा मन खरोखर दचकले. निमित्त घरचेच होते. ऐन पस्तिशीत आम्हांस मधुमेह जडला. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर आवरेना, म्हणून दवाखान्यातील डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची गोळी जोडून दिली. ‘हीच का?’ या प्रश्नास ‘चालते चांगली’ एवढेच उत्तर मिळाले. मागे रांग मोठी होती.

उत्तर शोधताना अमेरिकेतील ‘ग्रेड’ नामक चाचणीचा वृत्तान्त हाती आला. २०१३ साली सुरू झालेल्या या चाचणीत, मेटफॉर्मिन घेणाऱ्या ५,०४७ रुग्णांस ग्लार्जिन इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, लिराग्लुटाइड व सिटाग्लिप्टिन यांपैकी एकेक औषध सोडतीने वाटून दिले आणि सरासरी पाच वर्षे त्यांच्यावर नजर ठेवली. २०२२ साली निष्कर्ष निघाला. इन्शुलिन व लिराग्लुटाइड किंचित सरस, सिटाग्लिप्टिन मागे. तथापि एकंदरीत शेकडा ७१ जणांची साखर मर्यादेबाहेर गेलीच. साखर एकाएकी धोकादायक उतरण्याचे प्रकार ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत सर्वाधिक, शेकडा दोनांहून थोडे अधिक. म्हणजे आमचीच गोळी!

कचेरीतील एक स्नेही हे ऐकून संतापले. त्यांचे म्हणणे, वैद्याची निष्ठा समोरच्या रोग्याशी. त्याने फासे टाकणे हा विश्वासघात होय. अधिक गुणकारी औषध कोणते हे वैद्यास ठाऊक असेल, तर त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण ठाऊकच नसेल तर? मग ‘चालते चांगली’ हीदेखील सोडतच. फक्त तिची चिठ्ठी सवय काढते किंवा औषध कंपनीचा प्रतिनिधी काढतो, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही. आपले अज्ञान कबूल करणारी सोडत आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

येथवर युक्तिवाद सुखाचा आहे. पुढे तो अडतो. अमेरिका व कॅनडातील ‘ॲकॉर्ड’ चाचणीत १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर अधिक कडकपणे खाली आणली. तेच हिताचे, असा पुष्कळ जाणत्यांचा अदमास होता. २००८ च्या फेब्रुवारीत तो कडक उपचार थांबवावा लागला, कारण त्या गटात २५७ मृत्यू घडले, तर दुसऱ्यात २०३. सोडत नसती तर हा फरक कोणाच्या ध्यानीही आला नसता आणि कडकपणा जगभर चालू राहिला असता, हे खरे. त्यांनी संमतीही दिली होती. परंतु पुढे काय वाढून ठेवले आहे हे संमती घेणाऱ्यांसही ज्ञात नव्हते. जमाखर्च लिहिण्यात आमची उमेद गेली. तरीही ही चोपन्न माणसे कोणत्या रकान्यात मांडावीत हे आम्हांस कळत नाही. ‘बहुजनांच्या हितार्थ’ असा शेरा मारण्यास हात धजत नाही, आणि त्यांच्या जिवावर शिकलेले शहाणपण नाकारणेही शक्य नाही.

अशी चिठ्ठी आमच्यापुढे आली तर? आम्ही घरी विचारून पाहिले. ‘तुम्ही सही कराल,’ पत्नी म्हणाली, ‘पण मी करू द्यायची नाही.’ त्या दिवसापासून डब्याबरोबर ती खडीसाखरेची पुडी देते. ती कशासाठी, हे त्या अनोळखी लोकांमुळेच आम्हांस ठाऊक आहे.