ताशा कुणाच्या हाती?

निगडीत एका ढोल-ताशा पथकाचा सराव पाहत उभी होते. पथकाचे जुने कार्यकर्ते अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडे मुली ढोल वाजवतात. त्यासाठी कुठला कायदा लागला नाही." वाक्य खरं होतं, म्हणूनच डोक्यातून जाईना.

अमेरिकेत कायदा लागला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद नको, असं १९७२ च्या 'टायटल नाइन'नं सांगितलं आणि १९७३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संचलन-बँडमध्ये मुली आल्या. आपल्या मुली मात्र कमरेला ढोल बांधून, एका हातानं टिपरू आणि दुसऱ्यानं थापी देत कधीच्याच मिरवणुकीत आहेत. समाजानं आपणहून केलेला बदल अधिक खोल रुजतो, असं मलाही वाटलं.

पण टाटांची टेल्को कंपनी आठवली. १९७४ च्या सुमारास तिच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट समूहप्रमुख जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण पत्र जेआरडींऐवजी दुसऱ्या कुणाच्या टेबलावर पडलं असतं तर? कुणाच्या तरी मोठ्या मनामुळे आत जाणं वेगळं आणि हक्कानं जाणं वेगळं. १९७६ च्या समान वेतन कायद्यानं भरतीतलाही भेदभाव बेकायदा ठरवला, तो या फरकासाठी मोलाचा होता.

त्याच कायद्यात एक पळवाट होती: दुसऱ्या कायद्यानं स्त्रियांना मनाई असेल, तिथं तो लागू नव्हता. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६ स्त्रियांना रात्रपाळीची मनाई करत होतं. चाकणसारख्या तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात याचा अर्थ सरळ होता. थर्ड शिफ्ट करू न शकणारी बाई नेमायचीच कशाला? महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं अटींसह ही मनाई सैल केली.

कार्यकर्ते म्हणतील, बघा, कायदाच आडवा आला. आला खरा. पण त्या कलमावर बोट ठेवता आलं, ते बदलून घेता आलं. न लिहिलेल्या नियमाशी भांडायचं कुठं? पथकातच पाहा: ढोल ताशामागे चालतात. लय ताशेवाला धरतो. ताशा कुणाच्या हाती द्यायचा, हे पथकात कोण ठरवतं आणि कशावरून? कॉलेजच्या पथकांनी तरी निवडीचे निकष लिहून फलकावर लावावेत, ताशाची चाचणी सगळ्यांना खुली ठेवावी आणि नाकारलेल्या मुलीला लेखी कारण द्यावं.