थांबलेला व्यायाम

पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी सुरू केलं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. तोवर उपचार म्हणजे मुख्यतः डोंगरावरची हवा, खुराक आणि विश्रांती. पण क्षयाची एक क्रूर रीत होती. ताप उतरलेला, अंगावर मांस चढू लागलेलं, आणि अचानक फुफ्फुसातली रक्तवाहिनी फुटून काही मिनिटांत सगळं आटपायचं. मृत्यूचं कारण चार्टवर लिहिता येतं. रोज त्या माणसाचा ताप लिहिणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, ते लिहायला चार्टवर रकाना नसतो.

बरा होत चाललेला रुग्ण अचानक जाण्याची ही वेळ आज फिजिओथेरपिस्टवरही येते. त्याचं दुःख मला जरा वेगळं वाटतं, कारण त्याचं सगळं काम उद्याचं असतं. तापोळ्याकडच्या कुणा आबांना अर्धांगवायू झाला, तर व्यायामाचं ध्येय पुस्तकातून येत नाही. शिवसागर जलाशयाच्या काठावरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकता आला पाहिजे, म्हणजे आबा घरी पोचले. म्हणून आधी तोल, मग उजव्या पायावर भार, मग पायरी. आणि मध्येच आबा गेले, तर घरचे त्यांच्या गेलेल्या आयुष्यासाठी रडतात. थेरपिस्टच्या मनात मात्र पुढच्या आठवड्याची पायरी तशीच राहते. घरच्यांना दहावा-तेरावा असतो. थेरपिस्टला दहा वाजता दुसऱ्या रुग्णाचा खांदा हलवायचा असतो, तोही हसतमुखाने.

आणि एक प्रश्न टोचत राहतो: काल मी जास्त चालवलं का? ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे त्याचं उत्तर होत नाही. डॉक्टरांसोबत बसून फाइल उघडावी. नाडी, रक्तदाब, पोटरीची सूज, सगळं पुन्हा बघावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, कधी आधी काहीही न जाणवता. क्वचित काही बदलायला हवं होतं असं निघतं; मग ते पुढच्या रुग्णासाठी त्याच दिवशी बदलावं. पुष्कळदा तसं काहीच निघत नाही. पण विचारलंच नाही, तर तो प्रश्न प्रत्येक नव्या रुग्णापाशी आपल्या आधी जाऊन उभा राहतो.

मग घरच्यांना भेटावं. भेटीच्या वेळेत त्यांना दिसले ते निजलेले आबा. काल सदऱ्याचं बटण आबांनी स्वतः लावलं, कठड्याला धरून उभे राहिले, लाँचच्या वेळेची चौकशी केली, हे त्यांना कोण सांगणार? सुनेला, लेकाला हे सगळं सांगावं, घाई न करता. सांगताना आपले डोळे भरले तर भरू द्यावेत. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट ते आपल्याला बसायला जागा करून देतात.