पत्रातले नाना कोण?

माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आमची जुनी पत्रं आहेत. पोस्टकार्डं आणि निळी आंतरदेशीय पत्रं. प्रत्येकाला मधोमध भोक आहे, कारण पूर्वी ती तारेला ओवून खुंटीला टांगलेली असत. परवा त्यातलं एक काढून वाचलं. ‘नानांचा खोकला आता बरा आहे. काळजी नसावी.’ अक्षर स्वच्छ, शाई शाबूत. पण हे नाना कोण? आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन नाना झाले. वर तारीख म्हणून नुसतं ‘चैत्र शु. ५’. वर्ष नाहीच.

आईला पत्र दाखवलं. तिनं चष्मा लावला आणि लगेच म्हणाली, “अगं, हे माझ्या आजोळचे नाना!” मग नानांचा खोकला, त्यांचा अडुळशाचा काढा, अंगणातली विहीर, सगळं एकामागोमाग आलं. वर्ष पोस्टाच्या शिक्क्यावर सापडलं. पत्र इतकी वर्षं डब्यात सुखरूप होतं. नाना मात्र एकट्या आईच्या आठवणीत उरले होते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली अशीच जुनी पत्रं, दप्तरं धुंडाळत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. पहिला खंड 1898 साली निघाला. त्या पत्रांवरही पुष्कळदा तिथी असे, वर्ष नसे. मजकूर पारखून ते ठरवावं लागे. किती कष्टाचं काम! आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. आपलं उत्तर शेजारच्या खोलीत चहा घेत बसलेलं असतं.

म्हणून रोज एकच पत्र काढावं. रबरबँड सोडवावा, तो कागदाला चिकटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, त्यापेक्षा स्वच्छ सुती कापडात पत्रं गुंडाळावीत. वडीलधाऱ्यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं. कोणी, कोणाला, कधी आणि कुठून लिहिलं, ते पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं. पाच मिनिटांचं काम. घरातल्या या जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लहानांस आशीर्वाद’ असतो. तो कोणी दिला, हे घरातल्या लहानांना कळायला हवं. आज कामावर निघण्यापूर्वी आईला, आत्याला, मामाला एवढंच विचारू या, “पत्रातले हे नाना कोण?”