अतिभार कुणाच्या मापाने?

जैन गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताला कोणते पाच अतिचार लागतात, हे तत्त्वार्थसूत्रात सांगितलं आहे. बांधून घालणं, मारणं, अवयव छेदणं आणि अन्नपाणी तोडणं यांच्याच रांगेत तिथे अतिभारारोपण येतं, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. हा नियम गुरंढोरं बाळगणाऱ्या, शेती-व्यापार करणाऱ्या माणसासाठी आहे. म्हणून ओझं लादूच नका असं तो म्हणत नाही, अति लादू नका एवढंच म्हणतो. पण ‘अति’ कुठून सुरू होतं? लादणाऱ्याच्या मनावरून ते ठरवायचं की वाहणाऱ्याच्या पाठीवरून? तीन-चार वर्षांच्या घोड्यावर पहिल्यांदा स्वार बसवायचा असतो तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून उठून तबेल्यात येतो. अशा नवख्या घोड्यासाठी बिनसांगाड्याचं मऊ खोगीर घ्यावं, असा आग्रह आज पुष्कळ अश्वप्रेमी धरतात. त्यामागची कळकळ खरी आहे. प्रश्न आहे तो कळकळीने काम भागतं का, हा.

आधी त्या आग्रहाची जमेची बाजू पाहू, कारण ती भक्कम आहे. नेहमीच्या खोगिराच्या पोटात लाकडाचा, फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा ताठ सांगाडा असतो आणि तो एका ठरावीक पाठीच्या घडणीवर बेतलेला असतो. वाढत्या घोड्याची पाठ मात्र ठरावीक राहत नाही. काम सुरू झालं की खांदे भरतात, खांद्यांमधला उंचवटा वर येतो, कण्याच्या दोन्ही अंगांचे स्नायू रुंदावतात. मणक्यांची वाढ तर सगळ्यांत शेवटी, साधारण पाच-सहा वर्षांच्या वयात पुरी होते. आज नीट बसलेला सांगाडा काही महिन्यांत खांद्यामागे रुतायला लागतो आणि घोडं पाऊल आखडतं. मऊ खोगीर पाठीप्रमाणे वळतं, खांद्याला मोकळीक देतं. या कारणासाठी ते निवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

पण सांगाडा कशासाठी आला, हेही पाहायला हवं. स्वाराचं वजन कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरावं, हे त्याचं काम. तो काढला की वजन कमी होत नाही, फक्त गोळा होतं. हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाब मोजणारी चादर खोगिराखाली घालून दोन्ही प्रकार दुडक्या चालीत तपासले, तेव्हा बिनसांगाड्याच्या खोगिराखाली भार कमी जागेवर आणि जास्त तीव्रतेने पडलेला दिसला. प्रयोग मोजक्या घोड्यांवरचा होता. बाजारातल्या प्रत्येक नमुन्याला तो निकाल लावता येणार नाही. तरी रिकिबीचं साधं गणित उरतंच. रिकिबीचा पट्टा सांगाड्यात अडकवलेला नसला की स्वार रिकिबीवर उभा राहताच त्याचा भार त्या पट्ट्याखालच्या अरुंद जागेत उतरतो. दुडक्या चालीत तर प्रत्येक उसळीला पाठीवरचा जोर स्वाराच्या वजनाच्या सुमारे दुपटीपर्यंत जातो. हाताला मऊ लागणारी वस्तू पाठीला मऊ लागेलच असं नाही.

यावर कुणी म्हणेल, हिंसा भावात असते. ज्याने दयेने खोगीर निवडलं त्याला दोष कसला? पण त्याच तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, म्हणजे बेसावधपणा. मला दुखवायचं नव्हतं, हे म्हणणं तिथे पुरत नाही; दुखतंय का हे तू पाहिलंस का, असा उलट सवाल येतो. अहिंसेची वस्तू विकत घेतली की पाहण्याचं काम संपलं असं वाटू लागतं, आणि नेमका तिथेच प्रमाद शिरतो. मऊ खोगिराचा मला दिसणारा खरा धोका हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुळात बसताच कशाला? घोड्याने तर संमती दिलेली नाही. नाहीच दिलेली, आणि खोगीर कोणतंही असलं तरी ती मिळत नाही. कठोपनिषदात इंद्रियांना घोडे म्हटलं, तेव्हापासून आपल्या चिंतनात घोडा म्हणजे आवरून धरायची गोष्ट. त्याला स्वतःची पाठ आहे ही बाब शालिहोत्राच्या वैद्यकपरंपरेने जपली, तत्त्वचर्चेने फारशी नाही. स्वारीच सोडून देणाऱ्याची भूमिका सुसंगत आहे आणि ती मी खोडू शकत नाही. पण सारंगखेड्याच्या बाजारात विकली जाणारी शिंगरं माणसाच्याच दाव्याला वाढतात आणि त्यांच्यावर कुणी ना कुणी बसणारच आहे. अणुव्रत बोलतं ते त्या बसणाऱ्याशी. भारतीय कायदाही तेच करतो: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रमाणाबाहेर स्वारी करणं हा अतिभाराच्या बरोबरीचा गुन्हा आहे.

उरतो शेवटचा मुद्दा, मुक्या जनावराचं ‘अति’ कळायचं कसं? ते मुकं आहे हीच समजूत तपासली पाहिजे. तंग आवळताना कान मागे पडतात, शेपटी फटकारली जाते, स्वार बसताच पाठ खाली दबते. खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे एक तर खोगीर टेकलंच नाही किंवा इतकं दाबलं की घामच फुटला नाही. बोटांनी चाचपल्यावर घोडं अंग चोरतं का, यावरून दोन्हींतला फरक कळतो. दाबाची जुनी जखम पुढे पांढऱ्या केसांत दिसते, म्हणजे तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून नवख्या घोड्याला बिनसांगाड्याचं खोगीर घालायचं तर कण्यावर मोकळी पन्हळ सोडणाऱ्या जाड गादीसकट घालावं, स्वार हलका असावा, बैठक थोड्या वेळाची आणि बहुतेक चालतीतली असावी. रिकिबीवर उभं राहून दुडकी सुरू करायची वेळ आली, की त्या दिवसाच्या पाठीचं माप घेऊन सांगाडा निवडावा, आणि पाठ बदलेल तसं ते माप पुन्हा घ्यावं.