गळती कोणाची?

सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणातल्या आडरस्त्यांवर महिंद्राच्या जुन्या जीपा अजून चालतात. विलीस जीपची जुळणी महिंद्राने १९४७ साली मुंबईत सुरू केली, आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे कित्येक वर्षे बनत राहिली. या जीपची पुढची काच लोखंडी चौकटीत बसवलेली असते. चौकट खाली बिजागऱ्यांवर असते आणि पुढे बॉनेटवर आडवी पाडता येते. लढाईसाठी आखलेल्या गाडीला ती सोय हवीच होती, पण पावसाळ्यात तीच अंगाशी येते. चौकट आणि तिच्याखालचा काऊलचा पत्रा यांच्यामध्ये पाणी अडवायला असते ती फक्त रबराची एक पट्टी. उन्हाने ते रबर कडक होते, चौकटीचे खालचे कोपरे गंजून पोकळ होतात आणि ओल थेट पायांखाली उतरते. मग चौकट बदलावी लागते. हे काम गॅरेजातले खरे, पण ते नीट समजून घेतले तर दोन हजार वर्षे वादात असलेल्या एका धार्मिक प्रश्नावर त्यातून उजेड पडतो असे मला वाटते. तो प्रश्न असा: कायम टिकणारे असे आपल्यात काही नसेल, तर केलेल्या कर्माचे फळ भोगतो कोण?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा प्रश्न वाहनावरूनच सुरू होतो. यवन राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाके का, दांडी का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव तेवढे चालते. नागसेनाला हेच हवे असते, कारण माणसाचेही असेच, हे त्याला दाखवायचे आहे. युक्तिवाद सुंदर आहे, पण त्यातला रथ मनातल्या मनात सुटा केलेला आहे. त्याचे भाग एकामागून एक उचलून बाजूला ठेवले जातात. ते परत जोडायची वेळ कोणावरच येत नाही. गॅरेजात मात्र काम सुट्या भागांवर संपत नाही. तिथे ते जोडावे लागतात, आणि जोडल्यावर वर पाणी सोडून पाहावे लागते.

नवी चौकट, नवी काच, काचेचे नवे रबर, खालची नवी पट्टी आणि ठोकून सरळ केलेला काऊल हे सगळे शेजारी शेजारी मांडून ठेवा. यांतला एकही भाग गळत नाही. सुट्या भागाला ‘गळका’ म्हणण्यात अर्थच नाही. मग ते बसवा, बोल्ट आवळा आणि पाण्याची नळी धरा. गळती असली तर ती आता दिसेल, आणि ती कोणत्याही एका भागाची नसेल. काऊलला कुठल्या तरी जुन्या धक्क्याने आलेला किंचित बाक, नव्या चौकटीची तंतोतंत सरळ कड आणि रबराची जाडी या तिघांच्या मेळातून ती जन्मली असेल. म्हणून जाणता मिस्त्री रबराला खडू फासतो, चौकट एकदा दाबून बसवतो आणि परत उचलतो. पत्र्यावर जिथे खडूचा माग उमटला नाही तिथे रबर टेकतच नाही. नळी मारतानाही तो खालून वर जातो आणि एका वेळी एकच जागा भिजवतो. पाणी शिरते एकीकडे आणि थेंब पडतो भलतीकडे, चौकटीच्या पोकळीतून वाहत जाऊन, त्यामुळे वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि कळत काहीच नाही. गळती ही खरी घटना आहे, ती गालिचा कुजवते, फरशीचा पत्रा खाते. अशी खरी घटना जर एकाही भागात नसून जोडणीत असेल, तर जोडणीला नुसते चालू नाव म्हणता येत नाही. नागसेनाची यादी पूर्ण होती, पण भागांमधले सांधे तिच्यात नव्हते.

यावर न्याय-वैशेषिक मताचा अभ्यासक म्हणेल, आम्ही तरी दुसरे काय सांगत होतो? अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, हा अवयवांहून वेगळा असतो, त्यांच्यात समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. आधार मिळाला खरा, पण त्याची किंमतही मोजावी लागते. याच मताप्रमाणे एक अवयव निघाला की जुना अवयवी नाश पावतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उपजतो. म्हणजे चौकट बदलली त्या दिवशी जुनी जीप संपली. आरटीओ असे मानत नाही. आरसीवर चॅसीचा नंबर तोच असेल तर गाडी तीच. इंजिन बदलले तरी तशी नोंद करून घ्यावी लागते आणि गाडी जुन्याच नोंदणीवर चालते. कोणाला वाटेल, मग चॅसी हाच गाडीचा आत्मा समजावा. पण चॅसीही गंजते, तिलाही ठिगळे लागतात, आणि तिच्यावरचा आकडा माणसाने व्यवहारासाठी ठोकलेला आहे. कर आणि विमा ठरवायला तो पुरतो. गाडीत टिकणारे नेमके काय, हे तो सांगू शकत नाही.

टिकते ते परिणामांचे देणे, असे माझे म्हणणे आहे. नव्या चौकटीने एकही पावसाळा पाहिलेला नसतो. तरी ती ज्या काऊलवर बसते त्याच्या दुमडीत मागच्या वीस पावसाळ्यांची ओल मुरलेली असते, आणि गंज आपल्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो फुगतो, पत्र्याचे पदर फाकवतो आणि सांधा उचलतो. तो सांधा तसाच ठेवला तर नवी चौकट दोन-तीन वर्षांत त्याच कोपऱ्यात खराब होईल. जुन्या चौकटीतला लोखंडाचा कणही तिच्यात आलेला नाही. आला तो जुन्या हेळसांडीचा परिणाम, आणि तो आला सांध्यातून. नागसेनाने फळाच्या प्रश्नाला दिलेले उत्तरही याच वाटेने जाते. आंबे चोरणारा म्हणतो, ‘याने लावलेले आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे.’ राजा तरीही त्याला शिक्षा करील, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांच्या आधारानेच झालेले आहेत. रथाच्या दृष्टान्तात जे सुटले ते आंब्याच्या दृष्टान्तात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत हा पेच स्पष्ट मांडला आहे: आत्मा नाही म्हणायचे आणि कर्म व पुनर्जन्म आहेत म्हणायचे, हे जमते कसे? पुनर्जन्माबद्दल जीपवरून काही सिद्ध होत नाही, तसा दावाही मी करत नाही. पण पेचातला एक भाग सुटतो. परिणाम पुढे जायला कायमचा मालक लागतो हे गृहीतच चूक आहे. त्याला सलग सांधे पुरतात.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की लोखंडाला हेतू नसतो, आणि बुद्धाने तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले आहे. मग गंजाला कर्माची उपमा कशी चालेल? गंज कर्म नव्हे, हे मान्य. पण कोपऱ्यातला पहिला तांबूस डाग पाहूनही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणे, किंवा पत्रा न वाळवता वरून सिलिकॉन फासून ओल आत कोंडणे, यांत हेतू आहे, आणि तो हेतू असणारा माणूस आहे. गंज त्या निर्णयांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाहून नेतो. उपमा तेवढ्यापुरतीच आहे आणि तेवढी पुरते. दुसरा आक्षेप आत्मवादी वाचकाचा: गीतेने देहाला जीर्ण वस्त्र म्हटले आहे, ते टाकून देही नवे घेतो, मग सांध्यांची उठाठेव कशाला? तो दृष्टान्त मृत्यूच्या शोकासाठी आहे आणि तिथे तो सार्थ आहे. मात्र वस्त्र सबंध उतरवता येते, नव्या वस्त्राला जुन्याच्या काठाशी शिवावे लागत नाही. जगताना माणूस असा सबंध बदलत नाही. एक सवय सुटते, एक नाते तुटते, एक व्रत घेतले जाते, आणि ते नवे उरलेल्या जुन्या माणसावरच बसवावे लागते. आत्मा नित्य आहे असे मानले तरी हा सांधा कोणीतरी साफ करावाच लागतो. आत्मा मानणारा आणि न मानणारा, दोघेही इथे सारख्याच अडचणीत आहेत, आणि म्हणूनच या प्रश्नावर दोघांनी एकमेकांशी बोलावे असे मला मनापासून वाटते.

प्रायश्चित्ताची कल्पना बहुतेक धर्मांत आहे, आणि तिचा सिलिकॉनसारखा वापरही जिथे तिथे दिसतो: वरून एक थर, आतली ओल तशीच. चौकट बदलायला काढलेली असेल तेव्हा काऊल उघडा पडतो, आणि तो पुन्हा उघडा पडायला कित्येक वर्षे जातात. त्या दिवशी घाई करू नका. दुमडीतला गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडा, कुजलेला भाग कापून नवा जोडा, सगळे पूर्ण वाळू द्या, रेड ऑक्साइडचा हात द्या, आणि मगच रबर बसवा.